पसंतीवर आणलेला खेळ

आमच्या गावात एखाद्या मोठ्या माणसाबद्दल कुणी 'तो खेयस' म्हटलं, की ऐकणाऱ्याचा आवाज खाली यायचा. आमच्या बोलीत ळ चा य होतो. जळगावचं जयगाव होतं, डोळ्याचा डोया आणि खेळाचा खेय. पण खेळतो म्हणजे काय खेळतो, हे कोणी विचारत नसे. पोरं विटीदांडू घेऊन रानोमाळ फिरली तरी ती 'उंडारतात' म्हणत. खेळणं हा शब्द मोठ्यांसाठी राखून ठेवलेला होता, आणि त्याचा अर्थ एकच होता, पैसे लावून पत्ते. फक्त आखाजीला त्या शब्दाची लाज निघून जायची. अक्षय तृतीया म्हणजे आमची आखाजी. बाहेरच्या लोकांना सांगून पटत नाही, पण खानदेशात ती दिवाळीपेक्षा मोठी. लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधले जातात, आणि पुरुष दिवसाढवळ्या गावच्या पारावर पत्ते मांडून बसतात. वर्षभर जे दाराआड चालतं ते त्या दोन-तीन दिवसांत उघड्यावर, बायकापोरांच्या देखत. कोणी काही म्हणत नाही.

माझे वडील, नाना, खेळत. शिंदखेड्याच्या बाजूच्या आमच्या गावात आमची पिठाची गिरणी होती. पुढच्या खोलीत गिरणी, मागे आम्ही. पट्ट्याचा आवाज भिंतीतून यायचा, ताटातली वाटी बारीक थरथरायची, आणि लाईट गेली की जी शांतता पडायची ती इतकी अचानक, की घरातली माणसं आपोआप हळू बोलायला लागायची. नानांच्या पापण्यांवर कायम पीठ. मी चौथीत असताना एका आखाजीला ते पारावर बसले आणि आखाजी सरली तरी उठले नाहीत. डाव पारावरून कुणाच्या मळ्यात गेला. नाना परत आले ते एकटे नव्हते, मागे बैलगाडी होती. गिरणीची मोटर पणाला लावून हरले होते. गाडीवाले आत आले तेव्हा माझी माय भाकरी करत होती. ती तशीच पिठाच्या हातांनी पुढे आली आणि मोटरवर जाऊन बसली. नुसती बसली. मोटर गरम असेल नसेल, लुगड्याला ग्रीस लागलं असेल, ती दिवस कलेपर्यंत उठली नाही. शेवटी मामाने दोंडाईच्याहून येऊन ते प्रकरण मिटवलं. त्या श्रावणात घरी कानबाई, आमची देवी, बसली तेव्हा नानांनी तिच्यापुढे नारळ ठेवला आणि सगळ्या भाऊबंदांसमोर म्हणाले, "आजथीन मी खेयाव नही."

ते 'पत्ते खेयाव नही' म्हणाले असते तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. पण शब्द गेला तो गेला, आणि नाना शब्दाला अक्षरशः धरून राहणारे. मी आणि अक्का सागरगोटे घेऊन बसलो आणि एखादा त्यांच्या पायाशी गेला, तरी ते वाकून उचलत नसत, पायाने सरकवत. सोंगट्यांचा पट कोनाड्यातून नाहीसा झाला. नाना नाही म्हणून माय नाही, माय नाही म्हणून आम्ही नाही. असं होत होत आमचं घर खेळ नसलेलं घर झालं. आखाजीला सगळं गाव पारावर असे आणि नाना गिरणीत, दार अर्धवट लावून, दळण नसतानाही दगडाच्या पाट्यांना टाकी लावत. छिन्नीचा टक टक आवाज आणि पारावरचा हसण्याचा आवाज, दोन्ही एकदम ऐकत मी वाढले.

आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. हे मिरवण्यासाठी सांगत नाही, असं लिहिणार होते. पण खोटं कशाला, मिरवण्यासाठीच सांगते. बी.एस्सी.ला मी जळगावला वसतिगृहात राहिले. गणित चांगलं होतं, शाळेतल्या मुलींच्या शिकवण्या घ्यायचे, त्याचे पैसे माझे मला पुरून उरत. वर्गात मंजू नावाची मैत्रीण होती, मारवाडी, वडिलांची डाळमिल, काकांचं बाजारात घड्याळांचं दुकान. तिनेच एक दिवस प्रॅक्टिकल संपल्यावर ओढणीखालून ते यंत्र काढलं. तळहाताएवढं, राखाडी पडद्याचं, खाली पिवळी बटणं. सगळे त्याला नुसतं 'व्हिडिओ गेम' म्हणत. वरून ठोकळे पडत, ते फिरवून खाली बसवायचे, ओळ पूर्ण भरली की ती पुसली जायची आणि कोपऱ्यातला आकडा वाढायचा. आज तोच खेळ माझ्या फोनमध्ये फुकट पडलेला आहे आणि मी तो उघडतही नाही. पण तेव्हा पहिल्यांदा हातात घेतला आणि वर पाहिलं तर प्रयोगशाळेचा शिपाई कुलूप घेऊन उभा होता आणि मंजू गेटजवळच्या गाडीवर भेळ खाऊन परत आली होती.

"अगं, तुझ्या हाताला लागलाय," ती म्हणाली. "घेऊन टाक. काकांकडे नवे आलेत."

"घरी विचारावं लागेल."

"तुझे पैसे, तू विचारणार?"

"आमच्या घरी खेळत नाहीत," मी म्हणाले. ती हसली. तिला वाटलं मी संन्याशाच्या घरातली आहे. मग दुकानदाराच्या घरातली असल्यासारखंच तिने सुचवलं, "पसंतीवर ने ना. साड्या नेतात तशा. आखाजीला घरी दाखव, आवडला तर पैसे दे, नाही तर परत आण." मला ते फार पटलं. पैशाचा प्रश्न नव्हता. प्रश्न असा होता, की आमच्या घरात आजवर आलेली प्रत्येक वस्तू काहीतरी कामाची होती. ही पहिली वस्तू, जिचा कशालाच उपयोग नव्हता, आणि म्हणूनच मला ती हवी होती. पण नानांच्या शब्दाच्या आत ती येते की बाहेर, ते मला ठरवता येईना.

सुरत पॅसेंजरने मी घरी आले. अक्का माझ्या आधीच भुसावळहून आली होती; तिला तिकडे रेल्वेच्या क्वार्टरमध्ये दिलेलं. माय पुरण वाटत होती, अंगणात खापर तापायला ठेवलं होतं. आमच्याकडे पुरणपोळी पोळपाटावर लाटत नाहीत. माय ती दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवायची आणि पालथ्या खापरावर अशी टाकायची, की एक सुरकुती नाही. आमरसाचा वास, धुराचा वास आणि पलीकडून गिरणीतल्या गरम पिठाचा वास. तो वास मी नंतर कुठल्याच गावात घेतला नाही. जेवणं झाल्यावर मी यंत्र काढून सगळ्यांच्या मध्ये ठेवलं.

माय आधी दूर सरकली. "याम्हा पत्ता शेत का?"

"नही माय. इटा शेत." पडणाऱ्या ठोकळ्यांना मी विटा म्हणत होते.

नानांनी हात लावला नाही. मान तिरकी करून पाहत राहिले. "कोनसंगे खेयस?"

"कोनसंगे नही. एकलीच."

"मंग हारस कोन?"

"मीच."

"आनि जितस कोन?"

"तेबी मीच, नाना."

नानांनी बराच विचार केला. "आखाजी व्हऊ दे. मंग सांगसू," म्हणाले आणि उठून गिरणीत गेले. अक्काने त्याचा अर्थ लावला तो असा, की आखाजी होईपर्यंत यंत्र घरात राहायला परवानगी आहे. सासरी सकाळपासून पाण्याच्या रांगेत उभी राहणारी माझी बहीण, मागच्या खोलीत पाय पसरून बसली आणि ओरडायला लागली, "आकडा वाढना! सुमी, देख, आकडा वाढना!"

नेमके तेव्हा दळणाचा डबा घेऊन गोविंदा आबा आले. नानांचे जुने सोबती, पारावरचे सगळ्यांत जुने खेळाडू, दर आखाजीला नानांना बोलवायला येणारे आणि दर वेळी हात हलवत परत जाणारे. तो 'आकडा' शब्द त्यांच्या कानात गेला. आता ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना सांगायला हवं, की तेव्हा आकडा म्हणजे मटक्याचा आकडा. आज कुठला लागणार, यावर चहाच्या टपरीपासून देवळाच्या ओट्यापर्यंत चर्चा चाले. कुणाच्या स्वप्नात साप आला तरी त्याचा आकडा काढत. शिंदखेड्याच्या स्टँडजवळ आकडा घेणारा माणूस बसायचा. आबा दारात उभे राहिले, यंत्राकडे पाहिलं, माझ्या कॉलेजच्या पिशवीकडे पाहिलं, आणि अगदी हळू विचारलं, "पोरी, आते कितला उना?"

मला वाटलं गुण विचारताहेत. मी अभिमानाने सगळा आकडा सांगितला.

"शेवटना कोन्ता?"

"सत्ता."

आबा दळणाचा डबा तिथेच विसरून गेले. आणि नशीब बघा, त्या रात्री मटक्यात सत्ताच, म्हणजे सातच, लागला.

आखाजीच्या सकाळी माय पितरांची घागर भरत होती. घागरीवर छोटं मडकं, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, शेजारी आंबा. आणि गिरणीपुढे रांग. सणाच्या दिवशी कोण दळण आणतं? डबे होते, पण डब्यांत पसापसाभर जोंधळे. नाना गोंधळून एकेकाला विचारत होते, "गहू का जवारी?" आणि समोरचा नानांच्या खांद्यावरून आत बघत होता. शेवटी एका म्हाताऱ्याने विचारूनच टाकलं, "नाना, तुनी आंडेर उठनी का? आज काय निंघी ते इचारनं व्हतं." आंडेर म्हणजे लेक. मागून कुणीतरी म्हणालं, "जयगावले कालेजमा हाईच शिकाडतस म्हने. मशीनवर खेयस ती."

नाना आत आले. इतकी वर्षं अर्ध्या दारामागे बसून जो शब्द त्यांनी घराबाहेर ठेवला होता, तो त्यांच्या लेकीच्या नावाला लागून उंबऱ्याच्या आत आला होता. काय झालं ते मी सांगितलं. अक्का रडायला लागली. तिला सासरी हे कळलं तर काय, याची भीती. माय घागरीवरचं डांगर नीट करत राहिली आणि वळून न बघता म्हणाली, "मी आते मोटरवर बसाव नही. मनामा तितली ताकद नही ऱ्हायनी." ती कधी नव्हे ते त्या दिवसाबद्दल बोलली होती. मला वाटलं, संपलं. यंत्र चुलीत जाईल आणि त्याच्यामागून माझं शेवटचं वर्ष.

नाना म्हणाले, "ते ले. चाल मनासंगे."

कुठे, हे विचारायची हिंमत झाली नाही. मी यंत्र घेतलं आणि त्यांच्या मागे चालले. नाना पाराकडे वळले. झोक्यावरच्या मुली थांबल्या. मी जन्मात त्या पारावर चढले नव्हते. बायका त्याच्या बाजूने जातानाही पदर सावरून जायच्या. आणि नाना मोटरच्या दिवसानंतर तिथे पहिल्यांदा येत होते. पत्ते हातात तसेच धरून माणसं बघत राहिली. नानांनी एका घोंगडीची कड सरकवली, मला म्हणाले, "बस. खेय." मग सगळ्यांना, "देखी ल्या. मनी पोर काय खेयस ते देखी ल्या. मंग बोला."

मी खेळले. उन्हात पडदा नीट दिसेना म्हणून आबांनी आपल्या टोपीची सावली धरली. हळूहळू डोकी जवळ आली. कुणाच्या तोंडाला तंबाखू, कुणाच्या बंडीला घामाचा वास. पहिली ओळ पुसली गेली तशी सगळे एकदम "आं!" करून मागे सरकले. "भरली रांग गई कोठे?" "खाई गई मशीन." "अरे, उलटाड ना, उलटाड!" "दाबू नको, थांब, तो हिरा शे, हिराले सांग." पत्ते टाकून जवळ सरकलेल्या हिरालालला कशाला सांगायचं ते कुणालाच माहीत नव्हतं, पण हिरालालही सांगायला लागला. पत्ते घोंगडीवर पालथे पडून होते. आणि त्या सगळ्या गलक्यात एक आवाज माझ्या कानाला लागून येत होता, "डावीकडे ले. डावीकडे. आते सोड." तो आवाज मी ओळखत होते. लहानपणी आखाजीला मायने नानांना जेवायला बोलवायला पाठवलं, की मी पाराखाली उभी राहून तो ऐकत असे. घरात तो आवाज कधीच नसायचा. नाना माझ्या शेजारी घोंगडीवर मांडी घालून बसले होते, आणि केव्हा बसले ते त्यांनाही कळलं नव्हतं.

डाव संपला. आबांनी विचारलं, "कितला लागना?"

"कितला बी लागो," नाना उभे राहत म्हणाले. "कोनले देनं नही, कोनकडथीन लेनं नही. पोर मनी एकली खेयस आनि एकलीच हारस. सत्ता लागना तो तुना नशीबना. उद्या मना दारले डबा लई उना तं जवारी घालीन म्हना, आकडा नही."

लोक हसले. आबा सगळ्यांत जास्त हसले आणि म्हणाले, "मंग नाना, उनाच शे तं एक डाव तू. याम्हा पत्ता नही, पैसा नही. कानबाई काय बोलनार शे?" नानांचा हात पुढे आला. मी यंत्र द्यायला लागले. मग तो हात बंडीच्या खिशात गेला. "बंद करता येस का हाई?" त्यांनी मला विचारलं. मी बंद केलं.

त्या दिवशी जेवताना नाना खुशीत होते. मांडे मागून घेतले. अक्काला म्हणाले, तू सासरी सांग, बापाने पारावर नेऊन खेळवलं म्हणून. आणि मला म्हणाले, "ठेव तू ते. तुना पैसा शे. खेयाव नही असं मी मनापुरतं बोलनू व्हतू, तुनं नाव नही लिधं." मायने पण मान हलवली. हवं ते सगळं मिळालं होतं. मी मंजूला काय सांगायचं तेही ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली. आवाज थांबला तशी मी चहा घेऊन गिरणीत गेले. नाना माझ्याकडे पाठ करून बसले होते. गिरणीच्या पेटीच्या लाकडी झाकणावर पिठाचा थर होता, आणि त्या पिठात नाना बोटाने चौकोन काढत होते. एकाला एक चिकटवून, खाली एक ओळ, वर दुसरी. एक वाकडा ठोकळा काढला, जमला नाही, तळहाताने पुसला, पुन्हा काढला. इतकी वर्षं लाईट गेली की ते हात गुडघ्यांत धरून बसत. मी त्यांना दुसरं काही करताना पाहिलं नव्हतं. मी चहा मागेच ठेवला आणि आत आले. मायला सांगितलं नाही. माय ते पाहून काय म्हणाली असती, ते मला ऐकायचं नव्हतं. मी यंत्रातले सेल काढले, ते मूळच्या खोक्यात घातलं आणि खोकं कपड्यांच्या तळाशी ठेवलं.

आज कोणी म्हणेल, बिचाऱ्या माणसाला एवढा विरंगुळा मिळाला असता तर काय बिघडलं असतं? माझी मुलगी असंच म्हणते. काही बिघडलं नसतंही. ती मोटरवर बसलेल्या बाईच्या घरात वाढलेली नाही, एवढंच मी तिला सांगते.

जायच्या दिवशी नाना शिंदखेडा स्टेशनवर सोडायला आले. मायने कुरडयांचं गाठोडं दिलं होतं, ते त्यांनी स्वतः धरलं होतं. गाडीला उशीर होता. आम्ही बाकावर बसलो. इकडचं तिकडचं बोलून झालं, गिरणीचा नवा पट्टा धुळ्याहून आणायचा आहे वगैरे. मग सिग्नलकडे बघत त्यांनी विचारलं, "ते घर ठेवं का संगे लिधं?"

"संगे लिधं. परत दी टाकसू."

नानांनी गाठोड्याची गाठ पुन्हा आवळली. लांबून इंजिनाची शिट्टी आली. "बरं करं," ते म्हणाले. "माले सांगनं व्हतं. तोंडथीन निंघे नही."

गाडी लागली. त्यांनी गाठोडं आत दिलं, मला खिडकीजवळ जागा करून दिली, खाली उतरले आणि खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले. गाडी हलली तसे दोन पावलं सोबत चालले.

"पन सुमी," ते म्हणाले, "पारावर ती शेवटनी लांबी इट तू आडवी टाकी. ती उभी टाकनी व्हती."